बुधवारचे प्रश्न

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या खुर्चीचा पहिला दिवस. पेपरात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या-सांधल्या, आता संपादकांनी मला सरकारच्या माहिती खात्याला उसनी दिली आहे. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी. पेपरला सरकारी जाहिराती हव्यात, सरकारला बरी भाषा हवी आणि मला पन्नाशीला नोकरी हवी. तिघांचंही जमलं.

दर बुधवारी मंत्र्यांची पत्रकार परिषद असते. तिथे विचारायचे सहा प्रश्न मी तयार करायचे. मला वाटलं, पत्रकारांनी पाठवलेले प्रश्न नीटनेटके करायचे असतील. खात्याचे साहेब हसले. म्हणाले, "बाई, सोमवारी खात्यांकडून उत्तरं येतात. त्या उत्तरांना शोभतील असे प्रश्न तुम्ही लावायचे. मंगळवारी सहा पेपरांना सहा चिठ्ठ्या. बुधवारी ते विचारतात."

म्हणजे आधी कळस मग पाया.

"आणि कोणी चिठ्ठीबाहेरचं विचारलं तर?"

"विचारू दे की! कोणाच्या तोंडाला कुलूप लावलंय का आपण? फक्त पुढच्या बुधवारी त्याचा पास येत नाही."

सहातला एक प्रश्न टोचणारा हवा, असंही ते म्हणाले; नाहीतर लोकांना संशय येतो. टोचायचं, पण रक्त काढायचं नाही. त्याला हात हलका लागतो, आणि तो मला आहे. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे तू पेपरसेटर झालीस. फक्त मुलांना पेपर आधीच वाटतेस." मी हसले. आवडलं मला काम, उगाच कशाला खोटं लिहू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिली परिषद पार पडली. आमच्या पेपरची चिठ्ठी कासवाकडे होती. कासव म्हणजे आमचा वार्ताहर. बातमी सगळ्यांत शेवटी आणून देतो म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं, त्याला पंधरा वर्षं झाली. त्याला पहिलं वाक्य लिहायला मी शिकवलं. चाळिशी आली तरी अजून ताई-ताई करत मागे असतो. चिठ्ठी घेताना मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. प्रश्न झकास विचारला, मध्ये एकदा अडखळलासुद्धा, खरंच सुचत असल्यासारखा. नंतर म्हणाला, "ताई, तुमचे प्रश्न पाठ करायला सोपे असतात."

रविवार, ९ फेब्रुवारी

आक्काकडे जाऊन आले. तिच्या लेकीला, ढमीला, सहावा महिना लागलाय. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी, आता पुन्हा नावाला जागते आहे. तिचा नवरा जहाजावर, म्हणून ती आईपाशीच राहते. पायऱ्यांवर बसून माझ्या बाळाचं नाव सुचव म्हणाली. मी म्हटलं, आधी येऊ तर दे.

जेवताना आक्काने विषय काढला. त्यांच्या वसाहतीत सकाळी पहिलं पाणी गढूळ येतं, वास येतो. मागच्या ओळीत चौघांना कावीळ झालीय. दवाखान्यातली नर्स म्हणाली, ही कावीळ इतरांना महिनाभर झोपवते, पण पोटुशी बाईला झाली तर जिवाशी गाठ.

"हिला तुझ्याकडे पाठवू का? बाळ होईपर्यंत?" आक्का म्हणाली.

आमच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या. शिवाय तिथला दवाखाना, तिथली डॉक्टरीण तिच्या सवयीची. मी म्हटलं, "घाई करू नकोस. उद्या सोमवार. पाणीखात्याचं उत्तर माझ्याच टेबलावर येणार आहे. डोळ्यांनी बघते आणि सांगते."

"तू सांगशील तसं," आक्का म्हणाली. थोरली असून असं म्हणाली, म्हणून लिहून ठेवते.

सोमवार, १० फेब्रुवारी

उत्तर आलं. अठ्ठावीस नमुने तपासले, अठ्ठावीसही पिण्यायोग्य! जीव भांड्यात पडला. लगेच ऑफिसातूनच आक्काला फोन केला. "पाणी चांगलं आहे. मी स्वतः वाचलंय. खुशाल प्या."

मूळ उत्तर फार पाल्हाळाचं होतं: 'शुद्धीकरण केंद्रातील मुख्य टाकीतून घेतलेले एकूण अठ्ठावीस नमुने.' इतकं कोण वाचतं? मी 'वसाहतीच्या पाण्याचे अठ्ठावीसही नमुने' असं केलं. साहेब खूश. म्हणाले, बावीस वर्षांचा हात दिसतो.

आणखी एक चांगलं झालं. आजपासून ऑफिसात पाण्याचे मोठे जार आले, मजल्यावर दोन. सरकारी ऑफिसात कोणाला कर्मचाऱ्यांच्या घशाची काळजी वाटेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वसाहतीत आजारी पडणाऱ्यांचा आकडा साठावर गेलाय. एका छोट्या साप्ताहिकाने नळाच्या पाण्याचा फोटो छापला. त्याचा पास बंद झाला, पण लोक बोलायला लागले. साहेबांनी मला आत बोलावलं. "या बुधवारी एक चांगला काटा हवा. असा की सभागृह गप्प झालं पाहिजे."

मी तिथल्या तिथे लिहून दिला: 'हे पाणी तुम्ही तुमच्या घरच्या माणसांना प्यायला द्याल का?'

साहेबांनी दोनदा वाचलं. मला वाटलं जास्त झालं. मग म्हणाले, "प्रश्न फार चांगला आहे. पण याला उत्तर पाहिजे." आणि जरा वेळाने, "तुमची बहीण त्याच वसाहतीत राहते ना? घरी कोण कोण असतं?"

मी सांगितलं. ढमीचंही सांगितलं, सहावा चालू आहे तेही. का सांगितलं? कोणी आपुलकीने विचारलं की आपण बोलत सुटतो.

"वा," साहेब म्हणाले. "आणि ती तिथेच आहे? राहील ना तिथेच?"

"राहील की. मीच सांगितलंय तिला."

बुधवार, १९ फेब्रुवारी

कासवाने प्रश्न विचारला. सभागृह खरंच गप्प झालं. मंत्री क्षणभर खाली बघत राहिले, मग म्हणाले, "माझं सगळं खातं माझं घर आहे. आमच्या एका भगिनीची भाची गरोदर आहे. ती आज, या घडीला, त्याच वसाहतीत तेच पाणी पिते आहे. आणखी काय सांगू?" मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे वार्ताहर होते, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. संध्याकाळी संपादकांचा फोन: उद्या सकाळी फोटो हवा, पहिल्या पानावर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

फोटोग्राफर, कासव आणि मी असे तिघे आक्काच्या घरी गेलो. ढमीने इस्त्रीचे कपडे घातले होते. नळाखाली पेला भरून ती प्यायली. फोटोग्राफर म्हणाला, पेल्यावर उजेड नीट पडला नाही, पुन्हा एकदा. मग म्हणाला, या वेळी डोळे मिटले. तीन पेले झाले. ढमी हसून म्हणाली, "मावशी, आता चौथा दिलास तर बाळ पोहायला लागेल."

आक्का चुलीशी उभी होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की ना गं?" मी म्हटलं, "अगं, मंत्र्यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय." उत्तर कुठून आलं हे मलाच तर माहीत होतं, आणि तरी मी तेच उत्तर तिला पुरावा म्हणून दिलं. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

शनिवार, १ मार्च

आज शिपाई जार बदलत होता. मी सहज म्हटलं, "मजा आहे बुवा आपली." तो म्हणाला, "मजा कसली बाई, आपलीपण तीच लाईन आहे. वसाहतीला जाते तीच. वरून आदेश आलाय, कोणी नळाचं पिऊ नका म्हणून. तुम्हाला कागद नाही मिळाला?"

मी जागेवर येऊन दहा तारखेचं मूळ उत्तर काढलं. शुद्धीकरण केंद्रातील मुख्य टाकीतून. टाकीतून! नळाचा एकही नमुना नव्हता. मधल्या वाटेवर गटार फुटलं असेल तर टाकीला त्याचं काय? ते शब्द पाणीखात्याने लपवले नव्हते हो. त्यांनी लिहिले होते. मी कापले. फालतू म्हणून.

साहेबांकडे गेले. ते कानांवर हात ठेवतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. म्हणाले, "पाईप बदलायचं काम मंजूर झालंय, बाई. आत्ता बोललो तर घबराट होईल. अधिवेशन दहा तारखेला संपतं. तोवर धीर धरा."

"मी भाचीला घरी आणते."

"आणा ना. माझी मुलगी असती तर मीही आणली असती." मग दार लोटून घेतलं. "पण कोणाला दिसता कामा नये. पहिल्या पानावर फोटो आहे तिचा. ती निघून गेली असं कळलं तर मंत्री खोटे पडतील, आणि त्यांच्याआधी तुम्ही."

रविवार, २ मार्च

ढमीला आणली. आक्काला खरं सांगितलं नाही, माझी पाठ धरलीय, सोबतीला पाठव म्हणाले. आक्का माझ्याकडे बघत राहिली. "पाणी चांगलं आहे ना पण?" मी पिशव्या उचलल्या.

पडदे लावलेत. गॅलरीत जाऊ नकोस म्हटलं तर ढमी म्हणते, "मी काय चोरी केलीय का मावशी?"

शुक्रवार, ७ मार्च

ढमीला अन्नाचा वास नको झालाय. पोटुशी बाईला व्हायचंच असं नवरा म्हणतो. मीही तसंच म्हणते.

रविवार, ९ मार्च

ताप. लघवी गडद पिवळी. डोळ्यांकडे मी आज दिवसभर नीट पाहिलेलं नाही, कारण पाहिलं तर कळेल.

नवरा म्हणाला, "ऊठ, दवाखान्यात नेऊ." मी म्हटलं, "कोणी ओळखलं तर? अधिवेशन उद्या संपतंय. एक दिवस." त्याने माझ्याकडे पाहिलं; लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "तू कोणाशी बोलते आहेस? मी पत्रकार नाही."

तरी थांबलो. मी थांबवलं.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी ढमीला स्वतःचं नाव सांगता येईना. साहेबांच्या एका फोनवर मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात खाट मिळाली. नाहीतर बाहेर ओळ लागलीय, सगळी वसाहतीतलीच माणसं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन दिवस काय करत होता?" मला उत्तर आलं नाही. उत्तरं मी कधी लिहिली नाहीत.

आक्का आली. तिने ढमीला काचेतून पाहिलं आणि माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली.

शुक्रवार, १४ मार्च

बाळ गेलं. मुलगी होती. ढमीला अजून शुद्ध नाही, तिला माहीत नाही. आक्काने मला जवळ येऊ दिलं नाही. मी जिन्यात बसून रडले. माझ्याच हाताने झालं हे.

सोमवार, १७ मार्च

ऑफिसात गेले, कारण साहेबांनी बोलावलं आणि खाट त्यांच्या शब्दावर आहे. टेबलावर सहा उत्तरं. चौथं मी दोनदा वाचलं. 'सदर गर्भवती महिलेचा मृत्यू यकृताच्या जुन्या विकाराने झाला असून त्याचा पाणीपुरवठ्याशी संबंध नाही. शासन कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे.'

मी रुग्णालयात फोन लावला. नंबर दोनदा चुकला. नर्स म्हणाली, आहे तशीच आहे, श्वास चालू आहे.

मी कागद घेऊन साहेबांच्या खोलीत घुसले. "ती जिवंत आहे!"

"देव करो आणि राहो," ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले, तेच भयंकर होतं. "पण डॉक्टर दोन दिवस म्हणतायत. बुधवारी ऐन वेळी कोण लिहीत बसणार? तयारी ठेवायची. नाही लागलं तर काढून टाकू."

"तिला जुना विकार कसला? घोड्यासारखी धडधाकट होती ती."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, त्या विभागात बारा खाटा आहेत. बाहेर चाळीस माणसं आहेत. रोज सकाळी मला विचारतात, ही खाट ठेवायची का. मी रोज हो म्हणतो."

मी जागेवर आले आणि प्रश्न लिहिला. 'वसाहतीतील गर्भवती महिलेच्या दुर्दैवी निधनाबद्दल आपण काय सांगाल?' दुर्दैवी हा शब्द मीच घातला. तिच्या खाटेसाठी केलं, असं मी स्वतःला सांगते आहे. ते खरंही आहे. पण बावीस वर्षं मी कुठल्या खाटेसाठी करत होते?

बुधवार, १९ मार्च

काल दुपारी ढमीने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृत सावरतंय, वाचेल. तिला बाजूच्या खोलीत हलवलं. बाळाचं आक्कानेच सांगितलं. मी दाराबाहेर होते.

साहेबांना काल चार वेळा आणि आज सकाळी दोनदा फोन केला. शेवटी मिळाले. "अरे वा! फार आनंद झाला. काढतो चौथा." पण चिठ्ठ्या काल सकाळीच वाटून झाल्या होत्या. मी कासवाला फोन लावला, तो परिषदेत शिरला होता, फोन बंद.

खोलीत भिंतीवर टीव्ही होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी परिषद लावली. मी बंद करायला उठेपर्यंत कासव उभा राहिला होता. त्याने माझा प्रश्न शब्दन् शब्द विचारला. मंत्र्यांनी मान खाली घातली. त्यांच्यासमोर जो कागद होता तो त्यांनी वाचला. सभागृहात एकाही माणसाने 'कधी?' म्हणून विचारलं नाही. कोणत्या रुग्णालयात, तेही नाही.

ढमी टीव्हीकडे बघत होती. फार हळू म्हणाली, "आई, ही कोण गं बिचारी? आपल्या ओळीतली?"

आक्काने टीव्हीकडे पाहिलं. मग तोंडावर पदर धरून खोलीबाहेर गेली. ढमीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला कळलं.

गुरुवार, २० मार्च

सहाही पेपरांत आहे. आमच्या पेपरने पेल्याचा तो फोटो पुन्हा छापलाय, या वेळी काळ्या चौकटीत. संपादकांना फोन केला. म्हणाले, "सगळ्यांनीच छापलंय, आपण एकट्यानेच कसं मागे घ्यायचं? सरकारकडून खुलासा आला की लगेच छापू." साहेब म्हणाले, पेपरांनी विचारलं की लगेच खुलासा देऊ. मी दोघांमध्ये दिवसभर फोन करत राहिले. जहाजावरून जावयाचा फोन आला, त्याने कुठेतरी वाचलं होतं. आक्काने ढमीच्या कानाला फोन लावला तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

साहेबांनी जाता जाता सांगितलं, ढमीने इतक्यात कोणाशी बोलू नये. औषधोपचार पूर्ण होईपर्यंत तरी.

शुक्रवार, २१ मार्च

आज दुपारी कासव आला. मी बोलावलं होतं. फोनवर एवढंच सांगितलं होतं की खोली क्रमांक नऊमध्ये ये, वही आण.

तो दारातच थांबला. ढमी उशीला टेकून बसली होती, डोळे अजून हळदीसारखे पिवळे, हात काटक्यांसारखे. त्याने तिला ओळखलं. फोटो काढला तेव्हा पेल्याखाली फडकं त्यानेच धरलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"बसा," ढमी म्हणाली. "मी बोलणार आहे. साहेब नको म्हणालेत, मला मावशीने सांगितलं. मी तरी बोलणार."

तो बसला. वही उघडली, पेन काढलं. आणि मग त्याने माझ्याकडे वळून हात पुढे केला, तळवा वर करून, दर मंगळवारी करतो तसा. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण कानापर्यंत लाल झाला. पण हात तसाच राहिला. "ताई," तो म्हणाला, "काय विचारू?"

मला प्रश्न येत होते. एकदम पाच-सहा आले, नीट बांधलेले, एकात थोडं टोचणंही होतं. मी तोंड उघडलं.

"मावशी, तू नको," ढमी म्हणाली. "त्यांना विचारू दे."

आक्का खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. कासवाने पेन दोनदा वहीवर टेकवून उचललं. चाळीस वर्षांचा बाप्या, त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्याने वाकडंतिकडं, शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "तुम्ही… म्हणजे तुम्ही ते पाणी कधीपर्यंत प्यायलात? आणि का? लोक तर बोलत होते."

ढमीने जरा विचार केला. तिला राग नव्हता, आठवत होती ती.

"आईला पहिल्यापासून शंका होती," ती म्हणाली. "ती मला हलवणारच होती. दहा फेब्रुवारीला मावशीने फोन करून सांगितलं की पाणी चांगलं आहे, मी स्वतः वाचलंय. म्हणून प्यायले. मावशीने मला दोन मार्चला तिच्या घरी नेलं, तोपर्यंत."

कासवाचं पेन थांबलं. त्याने वहीतून डोळे न उचलता विचारलं, "हे… ताई, हे लिहू?"

आक्का खिडकीपासून वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"लिही," मी म्हटलं. "आणि दहा फेब्रुवारी बरोबर लिही. त्यातला एकही शब्द कापू नकोस."